याडीच्या वाट्याचा ढावलो

माझी कादंबरी कोणाची पुस्तकं वाचून सुचली, असं मला अजूनही विचारतात. मागे एका महाविद्यालयातल्या बाईंनी तर माईक हातात धरून चार परदेशी नावं घेतली आणि म्हणाल्या, यांतल्या कोणाचा प्रभाव तुमच्यावर जास्त आहे? मी म्हटलं, बाई, माझ्यावर प्रभाव जात्याचा, होळीच्या डफाचा आणि कापसाच्या जिनासमोरच्या हॉटेलातल्या रेडिओचा. सगळे हसले. मी खरं बोलले की लोकांना तो विनोद वाटतो, हे माझं लहानपणापासूनचं दुखणं आहे. म्हणून आता या वयात, गुडघे माझ्यापेक्षा जास्त बोलायला लागले असताना, बसून एकदा नीट सांगून टाकते.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा दिग्रसपासून दोन कोसांवर. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे म्हणे. माझा बा मात्र जन्माचा शेतकरी, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर पेरणारा, आणि फिरण्याचं म्हणाल तर दिग्रसच्या बाजारात जायचंही त्याच्या जिवावर यायचं. घरात आम्ही गोरबोली बोलायचो, शाळेत आणि बाजारात वऱ्हाडी. बापाला बा, आईला याडी. इथं मी सगळ्यांना वऱ्हाडीच बोलायला लावलं आहे, कारण छापलेली गोरबोली वाचायला तांड्यातलं कोणी चष्मा शोधत नाही आणि तांड्याबाहेरच्यांना ती कळत नाही. याडी एवढी एकच हाक तशीच ठेवते, तिला दुसरा शब्द मला आजवर सापडला नाही.

सकाळी मला जाग यायची ती याडीच्या मांडीवर. झोपायची मी बाजेवर, पण कोंबडं आरवलं की याडी जात्यावर बसायची, आणि मी अर्धवट झोपेत गोधडी ओढत जाऊन तिच्या मांडीवर डोकं टाकायची. जातं फिरायचं, मांडी हलायची, ज्वारीचं पीठ माझ्या केसांत उडायचं आणि ती गायची. तिच्या गाण्यांत राजे नसायचे, राण्या नसायच्या. भाऊ तिजेला न्यायला आला नाही, शेळीनं पान्हा चोरला, शेजारणीनं सूप नेलं ते परत दिलं नाही, असली घरगुती गाऱ्हाणी असायची, आणि गाऱ्हाणं सांगतानाही तिचा आवाज मजेत असायचा. खुंटा अंगाकडे येईस्तोवर एक ओळ, लांब जाईस्तोवर दुसरी. मूठभर ज्वारी घालायला हात उचलला की तेवढ्यापुरतं थांबायचं, पण बोलणं संपवायचं नाही, हात खुंट्यावर आला की तिथूनच पुढं. माझी वाक्यं लांबतात, मधेच दम घेतात आणि पुन्हा चालू लागतात, अशी एका समीक्षकांची तक्रार आहे. त्यांनी कधी पायलीभर ज्वारी दळली नसावी. दळण आटोपलं की याडी ताकात शिजवलेल्या कण्या द्यायची, वर लसणाचा ठेचा, आणि अंबाडीचे दिवस असले की भाकरीवर भाजी आणि भाजीवर कच्च्या तेलाची धार. कण्या गरम असायच्या आणि मी घाई करून दर वेळी जीभ भाजून घ्यायची.

श्रावणात तीज यायची. लग्न न झालेल्या आम्ही पोट्ट्या टोपल्यांत गहू पेरायचो, त्या टोपल्या तांड्याच्या नायकाच्या दारापुढच्या माचीवर ठेवायचो आणि रोज घागरी घेऊन गात गात पाणी घालायला जायचो. पाणी थोडं, गाणं फार. जिचा गहू खुरटा राहील तिला नवराही खुरटाच मिळणार, असं आम्ही एकमेकींना गाण्यातून ऐकवायचो. होळीला लेंगीची गाणी असायची. डफ तापवायचे, गोल धरायचा, एक जण ओळ टाकायचा आणि बाकीच्यांनी ती झेलायची. त्या ओळीत तांड्यातल्या कोणाची तरी खोड काढलेली असायची, आणि ज्याची काढली त्यानंच सगळ्यांत मोठ्यानं गायचं, असा रिवाज. तो गप्प बसला की पुढची ओळही त्याच्याच नावानं यायची.

आणि रेडिओ. बा कापसाची बैलबंडी घेऊन दिग्रसच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, निघाला की मी कापसावर चढून बसायची. जिनाच्या फाटकाशी बंड्यांची रांग लागलेली असायची आणि आमचा नंबर यायला दुपार टळायची. फाटकासमोर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे तट्ट्याचं छप्पर, दोन बाकं आणि फळीवर ठेवलेला रेडिओ. मालक सकाळी देवाला ओवाळलेली उदबत्ती रेडिओलाही ओवाळायचा. बा मला एक आलूबोंडा घेऊन द्यायचा, स्वतः बशीत चहा ओतायचा आणि आम्ही दोघं ऐकत बसायचो. तिथं एक गाणं लागायचं. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही ते गुणगुणत बसाल आणि माझं बोलणं ऐकणार नाही. त्याचे शब्द विरहाचे होते, कोणीतरी गेलं होतं आणि येत नव्हतं, पण चाल अशी की बसल्या माणसाचा पाय हलावा. बाई रडते आहे आणि ढोलकी नाचते आहे. हे मला इतकं आवडलं की मी बोंडा खायला विसरले. बालाही ते आवडायचं. चहावर फुंकर घालता घालता त्याचं बोट बशीच्या काठावर ठेका धरायचं, आणि मी बघते आहे असं दिसलं की थांबायचं.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा उमरखेडकडचा, आमच्यातलाच, पण शाळेत मास्तर. त्या काळात तांड्यातल्या पोरीला मास्तर नवरा मिळणं म्हणजे काय, ते आज सांगून कळणार नाही. त्यानं निरोप पाठवला होता की पोरीला चौथीपुढं शिकायचं असेल तर माझी ना नाही. दुसरी बातमी माझ्या मावसभावानं आणली. मास्तर उमरखेडला ज्यांच्याकडे भाड्यानं राहतो त्या घरमालकाकडे रेडिओ आहे आणि भिंत एकच आहे. आमच्यात सोयरीक पक्की झाली की गूळ खातात. सगळ्यांनी मास्तरच्या नावानं गूळ खाल्ला, मी मनातल्या मनात त्या भिंतीच्या नावानं खाल्ला. हे मी मास्तरांना पुढं सांगितलं. आजही घरात भांडण झालं की ते म्हणतात, तू तर भिंतीशी लग्न केलं, मग भिंतीशीच बोल.

अडचण आली ती ढावल्यात. आमच्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. म्हणजे एकेकाच्या गळ्यात पडून, त्याला हाक मारून, उंच लांबवलेल्या सुरात रडत गाते. चाल ठरलेली, शब्द तिचे तिनं जुळवायचे. या माणसानं माझ्यासाठी काय केलं ते त्याच्या तोंडावर सांगायचं, एखादं गाऱ्हाणंही करायचं, आणि मग त्याला सोडायचं. ज्याच्या गळ्यात पडली तोही आपल्या परीनं उत्तर देतो. पुरुष पाठीवर हात फिरवतात, बायका गाऊन उत्तर देतात. लग्न कसं झालं हे लोक विसरतात, पण नवरीचा ढावलो कसा झाला हे वर्षानुवर्षं बोलतात. हे शिकवायचं काम भुरीकाकीचं. ती माझ्या बाच्या भावाची बायको, तांड्यातला सगळ्यांत खणखणीत आवाज. रोज दिवस कलला की ती मला अंगणात बसवायची, स्वतःच्या गळ्यात माझे हात घालून घ्यायची आणि म्हणायची, हं, रड. आणि मला हसू फुटायचं.

"काहून व हसून राह्यली?" काकी विचारायची.

"मले रडूच येत नाही, काकी."

"कायले नाही येत? सासरी चालली ना तू?"

"म्हनूनच नाही येत."

काकीनं कपाळावर हात मारला. "पोट्टीले लग्नाची घाई झाली बाप्पा. मनात असू दे, तोंडावर तरी दाखवू नोको. लोक म्हनतीन, मायबापानं उपाशी ठेवली होती."

याडी तेव्हा चुलीपाशी असायची. ती या शिकवणीत कधी बोलली नाही, पण भाकरी थापण्याचा आवाज मधेच थांबायचा, त्यावरून ती ऐकते आहे हे कळायचं. याडीची आई ती लहान असतानाच गेली होती. तिच्या लग्नात ती मावशांच्या, काकींच्या गळ्यात पडून गायली, पण आईचं कडवं तिच्या वाट्याला आलंच नाही. गळ्यात पडायला आई नव्हती, मग उत्तर तरी कोण देणार. हे मला भुरीकाकीनं सांगितलं. याडीनं स्वतः एवढंच केलं की शिकवणी आटोपून मी आत आले की ती तव्याकडे बघत विचारायची, "माह्यं झालं का?" मी म्हणायची, "तुह्यं शेवटी." ती म्हणायची, "बरं. नीट करजो." एवढं बोलून ती भाकरी उलटायची. तिला कशाचा हट्ट करताना मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून हे रोजचं विचारणं माझ्या जिवाला लागलं. बाकी सगळ्यांचं कसंही होवो, याडीचं कडवं चांगलं झालंच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

ते दिवस कापूस वेचणीचे. कमरेला ओटी बांधून मी पऱ्हाटीच्या ओळीत शिरायची आणि बोंडं वेचता वेचता शब्द जुळवायची. काकीचं झालं, बाचं झालं. याडीचं खूप दिवस होईना, मग एके दुपारी झालं आणि मी ते कोणालाच म्हणून दाखवलं नाही. पण यात एक घोटाळा होऊन बसला. ढावल्याची मूळ चाल संथ, तिच्यावर हात चालत नाही आणि ओटी भरत नाही. वेचायला लागते ठेक्याची चाल. माझ्या नकळत ते सगळे शब्द त्या रेडिओच्या गाण्यावर बसले, आणि बसले ते असे पक्के की पुढं अंगणात काकीपुढं मूळ चालीत म्हणताना मला जीभ चावावी लागायची. एवढं रडकं तोंड करून मी गाते आहे हे पाहून काकीला वाटलं, आली पोरगी वळणावर.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वऱ्हाड निघालं. मास्तरच्या लोकांनी जिनातला एक ट्रक ठरवून आणला होता आणि ट्रकवाल्याला त्याच रात्री गाठी भरायला परत जायचं होतं. मी नवा फेटिया म्हणजे आमचा घागरा आणि वर कांचळी घालून, घुंगटाखाली घामाघूम. सगळा तांडा गोळा झालेला. काकीनं मला पुढं ओढलं आणि कानात म्हणाली, "पयली मी." मी तिच्या गळ्यात पडले, हाक मारली, सूर लावला, आणि पहिल्याच ओळीला काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. काकी, तू माझ्या वेण्या घातल्या आणि त्याच वेण्या ओढून मला शेण गोळा करायला धाडलं, हे शब्द निघाले ते सरळ हॉटेलातल्या गाण्याच्या चालीत. मला थांबता येईना. मास्तरकडच्या दोन तरण्या बायकांनी टाळ्या धरल्या. मागून कोणीतरी म्हणालं, हे काय ढावलो हाये का तमाशा? काकीनं उत्तर दिलं ते घुंगटाखालून माझ्या दंडाला असा चिमटा घेऊन की हिरवा डाग उमरखेडपर्यंत माझ्याबरोबर आला.

मग बा. मूळ चालीवर यायचा मी जिवापाड प्रयत्न केला, पण एकदा बंडी उताराला लागली की लागली. बा, तू मला कापसावर बसवून बाजार दाखवला, रांगेत उभं राहायचं तुझ्याकडे, बोंडा खायचा माझ्याकडे, गाऱ्हाणं एवढंच की आपला नंबर फार लवकर यायचा. बानं चाल ओळखली. त्यानं पाठीवर ठेवलेला हात आधी नुसता होता, मग त्याचं एक बोट माझ्या पाठीवर ठेका धरू लागलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो माझ्या कानाशी म्हणत होता, "पुरे कर व, मले हसू येऊन राह्यलं." माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकी चांगली दाद दुसरी मिळाली नाही, आणि मला दोन-चार शाली मिळालेल्या आहेत.

याडीचं शेवटी. आमच्यात नवरीला शेवटी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी करतात आणि तिथून ती घराकडे हात करून गाते. आमचे लोक बैलाच्या जिवावर जगले, त्याची ती खूण. मला बैलावर चढवलं, दोन्हीकडून दोघांनी धरलं. याडी खाली उभी होती, माझं पाऊल हातात धरून, मान वर करून बघत. तिनं त्या दिवशी केसांना तेल लावलं होतं आणि ते कपाळावर उतरलं होतं. मी ठरवलं, हिचं मात्र खऱ्या चालीत. डोळे मिटले, काकीनं शिकवला तसा श्वास घेतला आणि हाक मारली, याडी ये. हाक बरोबर लागली. सगळं गप्प झालं, टाळ्या धरणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. आणि तेवढ्यात ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला.

आमच्या बैलानं वाघाची डरकाळी ऐकलेली असेल, ट्रकचा भोंगा असा कानाशी ऐकलेला नव्हता. तो उधळला. मी वरून थेट मास्तरांच्या मामाच्या अंगावर पडले, मामा आणि मी दोघंही धुळीत, बैल चौखूर गोठ्याकडे, पोरं त्याच्यामागे. हशा, आरडाओरडा, कोणी मला उठवतंय, कोणी फेटिया झटकतंय, ट्रकवाला अजून भोंगा वाजवतोच आहे. या गडबडीत मला उचलून ट्रकमध्ये बसवलं आणि ट्रक सुटला. मागं वळून पाहिलं तर याडी होती तिथंच उभी होती, मघाशी माझं पाऊल होतं तिथं तिचा हात अजून वर होता. घुंगट सावरायच्या नादात ती केव्हा दिसेनाशी झाली ते कळलं नाही.

पुढं कधी म्हणून टाकलं नाही का, असं तुम्ही विचाराल. नाही म्हणता येत. ढावलो लग्नात निघतानाच म्हणायचा. अवेळी म्हटला तर घरात खरं रडं शिरतं, असं आमच्याकडे मानतात. मी पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा याडीनं मला जवळ घेतलं, सासू कशी, मास्तर कसा, जेवायला काय करतात, सगळं विचारलं. त्या एका गोष्टीबद्दल ती बोलली नाही, मीही बोलले नाही. माझे दिवस चांगले गेले, अगदी खोटं कशाला बोलू. भिंतीपलीकडचा रेडिओ मी कान लावून ऐकला, पुढं घरमालकीणच मला आत बोलवायला लागली. मास्तरांनी शब्द पाळला. मी सातवी झाले, मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले, दोन लेकरं झाली, घर झालं. पण माहेराहून परत निघताना प्रत्येक वेळी याडी बंडीपाशी यायची, माझ्याकडे क्षणभर बघायची आणि मग म्हणायची, "जा मंग. उशीर होईल." ते बघणं मला पुढं आठवडाभर पुरायचं.

कादंबरी लिहायला घेतली तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. तांड्यावर लिहायचं, एवढं नक्की होतं. मी लिहिलंही, पुष्कळ लिहिलं. दुःखी माणसं, उदास माळ, पानापानावर सुस्कारे. मला वाटायचं पुस्तक म्हणजे असंच असतं. मास्तरांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसून दोन दिवस वाचलं आणि विचारलं, "हे तूच लिहिलं का? मले वाटलं कोनाच्या तेराव्याले वाचायचं हाये." मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. बोलणार तरी काय, माणूस खरं बोलला होता. माझा तांडा त्या कागदांवर कुठंच नव्हता. उपाशी राहूनही हसणारी, मयतीहून येताना एकमेकांची खोड काढणारी ती माणसं मी धरून धरून रडवली होती.

मग एका दुपारी मी तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी करत होते. सोले पाट्यावर ठेचून ठेवले होते, मसाला भाजत होते, आणि रेडिओवर किती वर्षांनी तेच गाणं लागलं. बाई रडतेय, ढोलकी नाचतेय, आणि खाली बघते तर माझा पाय हलतोय. मसाला करपला. मी गॅस बंद करून तिथंच ओट्यावर कागद ओढला आणि भुरीकाकीचं पहिलं वाक्य लिहिलं. वेण्या, शेण आणि चिमटा. शब्द गाऱ्हाण्याचे, चाल मजेची. त्या दिवसापासून कादंबरी मला सापडली. आधीचे कागद मी बंबात घातले, पाणी चांगलं तापलं.

त्यानंतर मी गाणं गुणगुणल्याशिवाय लिहायला बसले नाही. तांड्यातली दहा माणसं एका वेळी बोलायची असली की लेंगी. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची, आणि ज्याची टिंगल चालली आहे त्याला सगळ्यांत मोठा आवाज द्यायचा. पोरींचं बोलणं लिहायचं असलं की तिजेचं पाणी. कोणी एकटं बसून विचार करत असलं की याडीचं जातं, खुंटा येतो आणि जातो तेवढी वाक्यं. आणि सगळ्या पुस्तकाची बांधणी ढावल्याची. एका प्रकरणात एक माणूस. त्याला हाक मारायची, त्यानं काय दिलं ते सांगायचं, गाऱ्हाणं करायचं आणि सोडायचं. यात कथानक कुठं आहे, असं विचारणारे भेटले. निघणं हेच कथानक आहे, अजून काय हवं. शेवटचं प्रकरण याडीचं ठेवलं होतं आणि ते ढोलकीवर लिहायचं नाही, खऱ्या चालीत लिहायचं, हेही ठरलेलं होतं. त्याला मला बाकीच्या सगळ्या पुस्तकाइतका वेळ लागला.

बा गेल्यानंतर याडी आमच्याकडे उमरखेडला राहायला आली होती. पुस्तक छापून आलं तेव्हा तिनं ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाली, "वाचून दाखव. मले कोठं येते." मग रोज दुपारची जेवणं झाली की ती सूप घेऊन डाळ निवडत बसायची आणि मी वाचायची. तिच्यासाठी मी वाचता वाचता गोरबोली करून सांगायची. ती मधेमधे टोकायची. बैल तांबडा होता, पांढरा नव्हता. भुरी असं बोलत नाही, ती आधी नाक ओढते. बाचं प्रकरण ऐकताना ती हसली आणि म्हणाली, "घरी बी असंच वाजवे तो. ताटावर." असं करत करत शेवटचं प्रकरण आलं.

त्यात ते कडवं होतं, पऱ्हाटीच्या ओळीत जुळवलेलं, एक शब्दही न बदललेलं. ते मी वाचलं नाही, म्हटलं; पुस्तकातली नवरी निघतच होती, तेव्हा ती अवेळ नव्हती. माझा आवाज आता फाटका झाला आहे, तरी काकीनं शिकवलेल्या चालीत म्हटलं. याडी ये, तू मला मांडी दिली आणि मुंग्या आल्या तरी हलवली नाही. याडी ये, माझं गाऱ्हाणं ऐक. साऱ्या पोरींच्या पाठीवर आईची बोटं उठली, माझीच पाठ तू कोरी ठेवली. सासरी तुझी सय आली तर मी कुठं हात लावू.

याडीचे हात सुपात थांबले होते. तिनं विचारलं, "झालं?"

"झालं."

"मंग आता मी म्हनू?"

मला समजलं नाही. ती म्हणाली, "उत्तर द्या लागते ना. त्या दिवशी तुह्यं राह्यलं, तं माह्यं बी राह्यलं. मी बी जुळवून ठेवलं होतं." तिनं सूप बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले आणि माझ्या गळ्यात हात टाकले. इतकी वर्षं मी फक्त माझ्या न म्हटलेल्या कडव्याचा विचार करत होते. तिच्याजवळही एक आहे, तेही तेवढंच जुनं आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ती गायली. आवाज बारीक झाला होता, पण सूर जागच्या जागी. पोरी, तुला आठवत नाही, एकदा मारलं होतं. तू रांगत होतीस, चुलीकडे हात नेलास, तेव्हा मारलं. तू रडून झोपून गेलीस. मग माझा तो हात कशालाच लागेना. त्या दिवशी भाकरी तुझ्या बानं थापल्या, वाकड्या झाल्या, आम्ही दोघांनी त्या मुकाट खाल्ल्या. पोरी, पाठ तुझी कोरी राहिली, हात माझा अजून जळतो. आता जा, सुखानं जा.

आणि मला रडू आलं. लग्नात न आलेलं, अंगणात काकीनं रोज काढायचा प्रयत्न केलेलं सगळं रडू एकदम आलं. पिकल्या केसांची बाई मी, चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेनं गप्प करणारी, आईच्या गळ्यात पडून गळा काढून रडले. आवाज चांगलाच मोठा असला पाहिजे, कारण शेजारच्या वहिनी पिठाच्या हातानं धावत आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय झालं व माय? कोनाचं काही बरंवाईट झालं का?"

याडीनं माझ्या पाठीवरचा हात काढला नाही. तिथूनच त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "काही नाही झालं व बाई. पोरगी सासरी चालली."